आधी झोपेची वेळ, मग ताट: निरोगी सवयी कोणत्या क्रमाने लावायच्या

तब्येत सुधारायची असं एकदा ठरलं की बहुतेक जण सगळं एकाच दिवशी सुरू करतात. पहाटे उठणं, व्यायाम, साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण निम्मं. पहिले चार दिवस उत्साहात जातात. पाचव्या दिवशी झोप अपुरी पडलेली असते, अंग दुखत असतं आणि संध्याकाळी समोर येईल ते खाल्लं जातं. मग माणूस स्वतःलाच दोष देतो. पण खरं तर चुकलेला असतो तो क्रम. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती गोड-तेलकटाकडे ओढते. सकाळी नीट खाल्लं नसेल तर संध्याकाळी सहाला हात आवरत नाही. आणि घरात काही शिजवून ठेवलेलं नसेल तर दमलेला माणूस पाकीटच फोडतो.

म्हणून इथे सवयी अशा क्रमाने दिल्या आहेत, की आधीची सवय पुढचीला आधार देईल. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन एक अभ्यास केला होता. त्यात नवी सवय आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय जुळण्यात फारसा फरक पडला नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपण असेल, किंवा पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार होऊन गेला असेल, तर आहारातले बदल डॉक्टरांना विचारूनच करा. पुढचे आकडे निरोगी प्रौढांसाठी आहेत.

सुरुवात: तीन दिवसांची वही

पहिले तीन दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. दोन कामाचे दिवस घ्या आणि एक सुट्टीचा, कारण सुट्टीच्या दिवशी खाणं आणि झोप दोन्ही वेगळं असतं. पानावर पाच रकाने पाडा: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, अंदाजे किती, तेव्हा खरंच भूक होती का, आणि तेव्हा काय चाललं होतं. वर झोपण्या-उठण्याची वेळ टाका.

लिहायचं ते खाल्ल्या खाल्ल्या. रात्री बसून आठवून लिहिलं की स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं आणि चहातली साखर हमखास सुटते. तीन दिवसांनी वहीत चार गोष्टी शोधा: दोन खाण्यांमधली सर्वांत मोठी दरी कोणती, दिवसातला शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता, भाज्या आणि फळं मिळून ओंजळी किती झाल्या, आणि भूक नसताना किती वेळा खाल्लं. पुढे कुठल्या टप्प्यावर जास्त थांबायचं हे ही चार उत्तरं सांगतील.

उठण्याची वेळ बांधून घ्या

लवकर झोपायचा निश्चय बहुधा फसतो, कारण झोप हुकमावर येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात असतं. रोज ठरलेल्या वेळी उठून उजेडात गेलं की शरीरातलं घड्याळ त्या वेळेशी जुळतं आणि रात्रीची पेंग आपोआप ठरावीक वेळेला येऊ लागते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

करायचं ते असं. सुट्टीच्या दिवशीही पाळता येईल अशी वेळ निवडा. प्रौढांना किमान ७ तास झोप लागते. अंथरुणात पडल्यावर डोळा लागायला वेळ जातो, म्हणून उठण्याच्या वेळेतून आठ तास वजा करून अंथरुणात जाण्याची वेळ काढा. सध्याची वेळ फार लांब असेल तर दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. एकदम दोन तास ओढू नका. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात १० ते २० मिनिटं थांबा. आभाळ असेल तर थोडं जास्त. घरातल्या दिव्यापेक्षा बाहेरचा ढगाळ उजेडसुद्धा कितीतरी पटींनी प्रखर असतो, त्यामुळे खिडकीआड बसून काम भागत नाही.

कॅफीनचा हिशेब ठेवा. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कॉफीतला निम्मा भाग रात्री नऊलाही रक्तात असतो. दहा-अकराला झोपणाऱ्याने दुपारी दोननंतर चहा-कॉफी टाळावी. “मला कॉफी पिऊनही झोप लागते” हे अनेकांच्या बाबतीत खरं असतं, पण त्यांचीही झोप उथळ होते आणि ते झोपलेल्याला कळत नाही. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन ते तीन तास आधी उरका.

गाडी रुळावरून घसरते ती दोन ठिकाणी. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठलं की त्या रात्री झोप लांबते आणि आठवड्याचा पहिला दिवस खराब जातो. फरक एका तासाच्या आत ठेवा. दुसरं म्हणजे दुपारची लांब झोप. डुलकी हवीच असेल तर २०-३० मिनिटांची, तीनच्या आत. अंथरुणात पडून वीसेक मिनिटं झाली तरी झोप येत नसेल तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि पेंग आली की परत या. तळमळत पडून राहिलं की अंथरूण आणि जागरण यांचीच जोडी मनात पक्की होते.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्यासारखं होणं आणि पूर्ण झोपूनही दिवसा पेंगुळणं, ही लक्षणं असतील तर सवयींवर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा.

सकाळच्या पहिल्या खाण्यात प्रथिनं

झोप जरा बसली की पुढचं पाऊल सकाळच्या पहिल्या खाण्याचं. ते नुसतं पिठूळ आणि गोड असलं की दोन-तीन तासांत पुन्हा पोटात खड्डा पडतो. त्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतील तर दुपारपर्यंत तग धरता येतो.

वीस ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा हिशेबाने बघून घ्या. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८, २०० ग्रॅम दह्यात साधारण ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८. म्हणजे दोन अंडी आणि पेलाभर दूध झालं की वीस. वाटीभर (१५० ग्रॅम) शिजवलेलं कडधान्य आणि २०० ग्रॅम दही घेतलं तरी वीस. दिवसाची गरज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला ४८. वय ६५ च्या पुढे गेलं की स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून त्या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरणं चांगलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी विचारलंच पाहिजे.

फळ खायचं ते चावून. रस काढला की तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते, चोथा मागे राहतो आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही.

सकाळी भूकच लागत नाही, ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण बहुधा आदल्या रात्रीच्या उशिराच्या जेवणात असतं. ओढूनताणून खाऊ नका. जेव्हा भूक लागेल तेव्हाचं पहिलं खाणं असं प्रथिनांचं असू द्या, एवढंच पाळा.

ताट कसं वाढायचं

उष्मांक मोजत बसणं फार थोड्यांना जमतं. ताटाचे भाग करणं सगळ्यांना जमतं. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळं, पाव भाग धान्य, पाव भाग प्रथिनं (डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, दही). हे भाग डोळ्यांनी दिसणाऱ्या जागेचे आहेत, वजनाचे नाहीत. पातळ डाळ वाटीत असेल तर ती वाटी पाव ताट समजा, पण तळाशी डाळ आहे की नुसतं पाणी, तेही बघा. पातळ वाटीभर डाळीत प्रथिनं निम्म्याने कमी भरू शकतात.

वाढण्याचा क्रम इथे मोठं काम करतो. आधी भाजी वाढा आणि तिने अर्धी जागा भरू द्या. मग प्रथिनं. धान्य सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. आधी भात वाढला की तो नकळत अर्ध्या ताटावर पसरतो आणि भाजी कडेला तोंडी लावण्यापुरती उरते. खातानाही हाच क्रम ठेवला, म्हणजे सुरुवातीचे काही घास भाजीचे आणि प्रथिनांचे, तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते. आधी पोटात गेलेला चोथा आणि प्रथिनं जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे पिष्ट हळूहळू आतड्यात उतरतं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. बटाटा, रताळं यांसारखी पिठूळ कंदमुळं त्यात धरत नाहीत. ४०० ग्रॅम म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे, आणि ८० ग्रॅम म्हणजे चिरलेल्या भाजीची साधारण एक ओंजळ. घरात वजनकाटा असेल तर एकदाच ८० ग्रॅम गाजर, ८० ग्रॅम कोबी, ८० ग्रॅम पालक मोजून बघा. पालकाचा ढीग बघून आश्चर्य वाटेल, आणि तोच शिजल्यावर दोन-तीन चमच्यांवर आलेला पाहून त्याहून जास्त. म्हणूनच पालेभाजी विकत घेताना नेहमी कमी घेतली जाते.

धान्य शक्यतो कोंड्यासकट. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, खावेत अशी शिफारस आहे. शिजवलेल्या १०० ग्रॅम कडधान्यात ७-८ ग्रॅम, सालीसकट मध्यम सफरचंदात ४ च्या आसपास, बहुतेक भाज्यांत १०० ग्रॅममागे २ ते ३ ग्रॅम तंतू मिळतात. पण इथे घाई नडते. दहा ग्रॅमवरून एकदम तिसावर गेलं की पोट फुगतं, वायू धरतो, आणि लोक कडधान्यांनाच दोष देऊन ती बंद करतात. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. आठवड्याला पाचेक ग्रॅमने वाढवा आणि सोबत पाणीही वाढवा; पाणी न वाढवता नुसते तंतू वाढवले तर बद्धकोष्ठ सुटण्याऐवजी बळावतं.

जेवणासोबत चहा घेऊ नका. त्यातली टॅनिनं वनस्पतींमधलं लोह बांधून ठेवतात. किमान एक तासाचं अंतर ठेवा. उलट लिंबू, टोमॅटो, संत्रं, ढोबळी मिरची असं काही ताटात असेल तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. शाकाहारी जेवणात रोज लिंबाची फोड पिळणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. प्राणिज पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व गोळीतून किंवा ते घातलेल्या अन्नातून घ्यावंच लागतं. कोणतीही भाजी त्याची भरपाई करत नाही.

आणि जेवायला वीस मिनिटं द्या. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण तेवढा वेळ जातो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की वेग आपोआप उतरतो.

आठवड्यातून दोन तास स्वयंपाकघरात

ताट कसं असावं हे माहीत असूनही ते वाढलं जात नाही, कारण रात्री आठ वाजता भिजवलेलं कडधान्य आणि चिरलेली भाजी तयार नसते. आठवड्यातला एक दिवस ठरवून दोन तास दिले तर पुढचे चार-पाच दिवस निभतात.

आदल्या रात्री अर्धा किलो कडधान्य भरपूर पाण्यात भिजत घाला. फुगायला जागा हवी म्हणून पाणी किमान तिप्पट. सकाळी ते पाणी ओतून टाका, दोनदा धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. भिजवणीच्या पाण्यात वायू धरवणाऱ्या काही शर्करा उतरलेल्या असतात. अर्धा किलो कोरड्याचं शिजून किलोच्या वर होतं. मीठ शेवटी, चव बघून.

राजम्याच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. पाच-सहा दाणे अर्धकच्चे खाल्ले तरी जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान पाच तास भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळाखळा उकळावं लागतं. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणारी भांडी इथे धोक्याची, कारण त्यात पाणी उकळीला पोचत नाही आणि अर्धवट तापवलेल्या राजम्यात विषाचा जोर कच्च्यापेक्षाही वाढलेला आढळतो. कुकरमध्ये शिट्ट्या देऊन शिजवला तर हा प्रश्न उरत नाही. दाणा बोटांत दाबून बघा; मध्ये खडा लागला तर परत ठेवा.

शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून पसरट, उथळ भांड्यांत काढा. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली. कडधान्य, शिजवलेली भाजी तीन-चार दिवसांत संपवा, त्यापुढचं सुरुवातीलाच फ्रीझरमध्ये टाका. भात त्याहून नाजूक: बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला की ते वाढून जे विष तयार करतात ते परत गरम करून जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि गरम करताना आतपर्यंत वाफाळू द्या.

पालेभाजी निवडून, धुऊन, पूर्ण कोरडी करून कापडात गुंडाळा. ओली ठेवली तर दोन दिवसांत कुजते. दाणे-बदाम ३०-३० ग्रॅमच्या लहान डब्यांत भरा. मोठ्या बरणीतून मूठ भरली की ती मूठ एकच राहत नाही.

जागेची मांडणीही बदला. फळं डोळ्यांसमोर, पाकिटं वरच्या फळीवर. केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही आहारांत साखर, मीठ, मेद आणि तंतू सारखे ठेवले आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत तेच लोक रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते. माणसं तीच होती, अन्न बदललं होतं. तेव्हा पाकीट समोर ठेवून मनावर ताबा ठेवण्यापेक्षा ते घरातच कमी आणणं सोपं.

तेल, मीठ, साखर मोजायची सोपी युक्ती

रोज मोजणं कंटाळवाणं असतं आणि चार दिवसांत सुटतं. महिन्याचा हिशेब मात्र सहज ठेवता येतो. तेलाची बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा. मिठाच्या आणि साखरेच्या पुड्यावरही. मग किती दिवसांत संपलं ते बघा.

तेल माणशी दिवसाला चहाचे चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर धरलं, तर चौघांच्या घरात महिन्याला २.४ लिटर. एका चमच्यात सुमारे ४० उष्मांक असतात, त्यामुळे बाटलीतून थेट कढईत ओतलेली जाडसर धार सहज दीडशेचा फरक करते. बाटली बाजूला ठेवा आणि चमचा बरणीत बुडवूनच तेल घाला. कांदा करपू लागला तर तेल वाढवण्याऐवजी दोन चमचे पाणी शिंपडा; तो सुटून येतो. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढं, आणि बाहेरचं, लोणची, सॉस, पाव, चीज सगळं धरून. या हिशेबाने किलोचा पुडा चौघांना ५० दिवस पुरायला हवा. बहुतेक घरांत तो बराच आधी संपतो. एकदम अळणी करू नका. दर पंधरवड्याला चौथा हिस्सा कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचं खारट लागू लागतं. आंबट, भाजलेलं जिरं, लसूण, मिरी यांनी कमी मिठाची उणीव भरून निघते. पोटॅशियम घातलेलं ‘कमी सोडियम’ मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचा रस यांतली एकूण साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी. २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅम. २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर उत्तम. चार कप चहात दोन-दोन चमचे घातले की तिथेच ३२ ग्रॅम होतात. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. गूळ-मध साखरेच्या जागी वापरले तरी हिशेब तोच राहतो.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिले तीन वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनी गोडवा विभागून लिहिला की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी भासते. मीठ लिहिलेलं नसेल तर सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा.

जेवणानंतर दहा मिनिटं

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताण, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस. वेगळा तास काढायला जमत नसेल तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला; आठवड्याला २१० मिनिटं होतात. चालते स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर पूर्ण अवलंबून राहावं लागत नाही, म्हणून या दहा मिनिटांचा उपयोग मोठा. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा: खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कंबरेपर्यंत ओढणं, आणि टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोप्या वाटल्या तर वजन वाढवा. स्नायू दुखणं चालेल, सांध्यात टोचणं नाही. छातीत दाब, चक्कर, किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ आली तर लगेच थांबून मदत मागा.

पाणी आणि मन

पाण्याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं, गडद असेल तर कमी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तीच पाळा.

भूक नसताना खाणं वहीत वारंवार दिसलं असेल तर खाण्याआधी पाच मिनिटं संथ श्वास घेऊन पहा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि अंगातला ताण सैल होतो. मग स्वतःला विचारा, साधं उकडलेलं कडधान्य समोर आलं तर खाईन का? हो असेल तर भूक खरी आहे, जेवा. नाही असेल तर ते दमणं, कंटाळा किंवा एकटेपण असतं; झोपा, बाहेर पडा, कुणाला तरी फोन करा. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते सवयींनी सुटण्याची वाट बघू नका, तज्ज्ञांना भेटा.

काय मोजायचं

वजन पाण्यामुळे एका दिवसात किलो-दीड किलो खालीवर होतं, म्हणून रोजचा आकडा बघून हताश होऊ नका. आठवड्याची सरासरी काढा. त्याहून कंबर बोलकी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा. हा आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी असावा: १६० सेंटिमीटर उंचीला ८० च्या आत. महिन्यातून एकदा पुरे. रक्तदाब आणि रक्तातली साखर डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने तपासा, कारण दोन्ही बराच काळ लक्षणांशिवाय वाढत राहतात.

आजारपण, प्रवास, घरातलं कार्य यांत हे सगळं मोडतं. परत सुरू करताना सगळं एकदम ओढायला जाऊ नका. पहिले दोन दिवस फक्त ठरलेल्या वेळी उठा आणि उजेडात जा. तिसऱ्या दिवसापासून सकाळचं प्रथिनांचं खाणं. चौथ्या दिवशी रात्री कडधान्य भिजत घाला, म्हणजे पाचव्या दिवशी ताट पूर्ण होतं. चालणं अंगात ताकद आली की, आधी एकाच जेवणानंतर.